रंग सोडा

"कोणता दिवा लागलाय, बाबा?"
पुंता अरेनासहून मी विचारते,
चाळीस मिनिटांत पाचव्यांदा.
तिकडे चोंचीच्या स्वयंपाकघरात
फ्रिजवरच्या राउटरपुढे ते उभे.
"हिरवा," म्हणतात.
मग जरा थांबून,
"हिरवाच असेल."

अकरा वर्षांचं खोकं.
एक अँटेना चिकटपट्टीने बांधलेली,
खाली आईने विणलेला रुमाल,
वर आणखी एक, धूळ बसू नये म्हणून.
तो वरचा आधी काढायला लावला.
"हात लावा, तापलंय का?"
"पावाइतकं," म्हणाले,
"भट्टीतून काढून अर्धा तास झालेल्या."

वायर काढा, तीस मोजा, परत लावा.
ते मोठ्यांदा मोजतात, एकेक आकडा पूर्ण.
अठ्ठावीसवर ओत्तिलियाबाई बटाटे घेऊन दारात.
बटाट्यांबद्दल बोलणं होतं. पावसाबद्दल होतं.
पुन्हा एकपासून.

हिरवा असेल तर लाईन हवी.
लाईन नाही.
कंपनीचा माणूस म्हणतो, आमच्याकडून सगळं ठीक.
"बाबा, चष्मा लावा. हिरवा की लाल?"
पलीकडे मिठाची गुळणी.
चुलीत ओलं लाकूड तडतडतं, तेवढंच ऐकू येतं.

"मला ते कळत नाही गं.
कधीच कळलं नाही."

एकतीस वर्षं लेमुय बेटाची लाँच चालवलेला माणूस.
डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा,
हे मला त्यांनीच शिकवलेलं,
जेवताना, मिठाची न् मिरचीची बाटली मांडून.
"मग समोरून बोट आली की?"
"ओनोफ्रेमामा खोकायचा.
लाल दिसला की एकदा. हिरवा दिसला की दोनदा."
"आणि डोळ्यांची तपासणी?"
"रांगेत तो माझ्या पुढे होता.
ठिपक्यांतले आकडे बाहेर येऊन सांगितले त्याने, क्रमाने.
अजून पाठ आहेत. म्हणू?"

म्हणू नका.
मला चेरीचं झाड आठवतंय.
खांद्यावर बसवून विचारायचे,
"सांग बरं, यातली पिकलेली कोणती?"
मला वाटे, परीक्षा घेतायत.
केवढ्या ऐटीत बोट दाखवायचे मी.

"आईला माहीत होतं?"
"मोजे तीच जोडून ठेवायची."

बरं.
रंग सोडा. लुकलुकतोय कसा, ते सांगा.

आणि आवाज बदलतो त्यांचा.
पाठ ताठ झालेली ऐकू येते मला, दीड हजार किलोमीटरवरून.
"वरून तिसरा. दोनदा चटचट,
मग अंधार, चार मोजेपर्यंत. परत दोनदा.
असं सहा वेळा.
मग सगळेच एकदम मंदावतात, श्वास सोडल्यासारखे,
आणि पहिल्यापासून."
थोडं थांबून, "दीपस्तंभ असाच ओळखायचा.
किती वेळ गप्प राहतो, त्यावरून."

हे आधी विचारलं असतं तर!
राउटर मेलेलाच नाही.
भिंतीतला अडॅप्टर दमलाय,
त्याला पुरेसं पाजत नाहीये,
म्हणून बिचारा उठतो न् पडतो, उठतो न् पडतो.

खणात लाँचच्या जुन्या रेडिओचा चार्जर सापडतो,
दोरा, भोवरे न् वाळलेल्या शिंपल्यांखाली.
"पिन बसते?"
"थोडी रेटली तर."
"आकडे वाचा."
"बारा. मग दीड."
"लावा."

या वेळी मोजायला मी सांगितलं नव्हतं,
तरी ते मोजतात.
सत्तराच्या पुढे कधीतरी
माझ्या पडद्यावर एक कपाळ उगवतं,
निम्मं, वर छताच्या फळ्या.

"दिसतेस," म्हणतात.
"फोन खाली करा, बाबा."
डोळे येतात, मग नाक.
बराच वेळ माझ्याकडे बघून घेतात.

"स्वेटर नवा वाटतो.
कोणत्या रंगाचा?"

मी एकदा खोकते.